गेन कमी करूनही कॉलर माइकचा आवाज फाटतोय? मग कनेक्टर उघडून वायरिंग बघा

कॉलर माइक लावलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलतोय तोवर सगळं छान असतं, आणि मग तो खदखदून हसतो किंवा कुणाला तरी जोरात हाक मारतो आणि आवाज फाटतो. यावर आपण सगळेच पहिली एकच गोष्ट करतो, ट्रान्समीटरचा, म्हणजे कमरेला लावायच्या त्या छोट्या वायरलेस पॅकचा, गेन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) खाली आणतो. परत ऐकलं तर परत फाटतोय, मग अजून खाली. शेवटी आवाज इतका बारीक होतो की मागची हिस ऐकू यायला लागते, पण फाटणं आहे तसंच, आधी मोठ्यानं फाटत होतं आता हळू फाटतंय एवढाच फरक.

मला हे पहिल्यांदा नीट कळलं ते एका नाटकाच्या तालमीत. माइक कपाळाच्या वर केसांत लपवलेला, आणि एका प्रवेशात ती नटी जीव तोडून ओरडायची, तिथे दर वेळी घाण आवाज. माइक खराब झालाय असं धरून आम्ही तो बाजूला काढला, आणि दोन दिवसांनी सहज म्हणून तोच माइक दुसऱ्या पॅकला अडॅप्टर लावून जोडला तर एकदम स्वच्छ. माइक तोच, ओरडणारी तीच, गेनसुद्धा अंदाजे तेवढाच. मग खराब काय होतं? माइक आणि पॅक यांच्यामधलं वायरिंग. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही, आणि जे समजलंय ते इथे सांगतो, कारण बरेच लोक चांगले चांगले माइक उगाच बदनाम करतात.

आधी एक झटपट तपासणी, कारण फाटण्याच्या जागा एकापेक्षा जास्त असतात. रिसीव्हरला हेडफोन लावून स्वच्छ ऐकू येतंय आणि कॅमेऱ्यात फाटतंय, तर रिसीव्हरचं आउटपुट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला जड होतंय, आउटपुट कमी करा, काम झालं, हा लेख तुमच्यासाठी नाही. ट्रान्समीटरचा गेन सहा-सात डेसिबल (डीबी) खाली आणल्यावर फाटणं पूर्ण जातंय, तर पॅकचा प्रीअँप, म्हणजे त्यातला पहिला अँप्लिफायर, भरत होता, तेही सोपं. पण गेन पार खाली आणूनही तेच ओरडणं तसंच फाटतंय, तर आवाज पॅकच्या गेनपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलाय. रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म मोठा करून बघा, बऱ्याचदा एकाच बाजूचे डोंगर कापलेले दिसतात, वरचे सपाट आणि खालचे शाबूत किंवा उलटं, आणि तेही मीटर पूर्ण भरलेलं नसताना. असं एकतर्फी कापलेलं दिसलं की माझा संशय सरळ माइकच्या आतल्या ट्रान्झिस्टरवर जातो.

हो, माइकच्या आत ट्रान्झिस्टर असतो, आणि सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे. कॉलर माइक जवळजवळ सगळे इलेक्ट्रेट जातीचे. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी पातळ प्लास्टिक फिल्मवर कायमचा विद्युतभार बसवून माइक बनवला, त्यामुळे कंडेन्सर माइकच्या पडद्याला बाहेरून मोठं व्होल्टेज द्यायची गरज संपली. पण त्या कॅप्सूलची कपॅसिटी असते काही पिकोफॅरॅड, म्हणजे जवळपास नाहीच. ती सरळ दीड मीटर वायरीला जोडली तर वायरच सगळा सिग्नल खाऊन टाकेल. म्हणून कॅप्सूलच्या पाठीलाच एक छोटा एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, ज्याला तीन पाय, गेट, ड्रेन आणि सोर्स. गेटवर कॅप्सूलचा सिग्नल येतो आणि त्या सिग्नलप्रमाणे ड्रेनपासून सोर्सकडे जाणारा करंट कमीजास्त होतो. पाण्याच्या नळासारखं समजा, गेट म्हणजे नळाची चावी, कॅप्सूल ती चावी हलवतंय.

आता या एफईटीला चालायला वीज लागते आणि ती येते ट्रान्समीटरकडून, तिला बायस म्हणतात. मिक्सरमधून मोठ्या माइकांना मिळणारी फँटम पॉवर वेगळी, ती ४८ व्होल्टची आणि ती थेट कॉलर माइकला द्यायची नसते. इथे आपण बोलतोय पाचएक व्होल्टबद्दल. आणि हे पाच व्होल्ट एफईटीपर्यंत कसे पोचतात यावर आवाज फाटणार की नाही ते ठरतं. माइकचा अर्धा अँप्लिफायर कॉलरवर असतो आणि उरलेला अर्धा पॅकमध्ये, दोघांची जोडी जुळली नाही तर माइक कितीही भारी असो.

सगळ्यात साधी जोडणी दोन तारांची. सोर्स शील्डला, म्हणजे वायरीच्या बाहेरच्या जाळीला, जोडलेला, ड्रेन एका तारेनं पॅककडे. पॅकमध्ये पाच व्होल्ट आणि ही तार यांच्यामध्ये एक रेझिस्टर. एफईटीचा करंट त्या रेझिस्टरमधून जातो, करंट हलला की रेझिस्टरवरचं व्होल्टेज हलतं, तेच हलणं म्हणजे आपला आवाज. म्हणजे एकाच तारेवरून वीज वर जातेय आणि आवाज खाली येतोय. हुशार आणि स्वस्त पद्धत आहे, आणि नेहमीच्या बोलण्याला काही अडचण येत नाही.

अडचण कुठे येते ते आकड्यांनी बघू, सोपं गणित आहे. समजा एफईटी ०.३ मिलिअँप करंट घेतो आणि रेझिस्टर २.२ किलोओहमचा. रेझिस्टरवर पडले ०.६६ व्होल्ट, ड्रेनवर उरले जवळपास ४.३. आता तोच माइक अशा पॅकला लावा ज्यात रेझिस्टर १० किलोओहमचा आहे. रेझिस्टरवर पडले ३ व्होल्ट, ड्रेनवर उरले २. एफईटीला नीट काम करायला ड्रेनवर साधारण एक व्होल्ट तरी राहायला हवा, त्याखाली गेला की तो करंट सांभाळणं सोडून साध्या रेझिस्टरसारखा वागायला लागतो आणि लहर चेपते. म्हणजे खाली जायला जागा उरली एकच व्होल्ट. आणि माइक ०.४५ मिलिअँप घेणारा असेल तर? साडेचार व्होल्ट रेझिस्टरवरच गेले, ड्रेनवर उरला अर्धा व्होल्ट, म्हणजे तो माइक शांत बोलण्यालाही नीट चालणार नाही. एकाच मॉडेलच्या दोन माइकांमध्येही हा करंट थोडा वेगळा असू शकतो, त्यामुळे कधी कधी एक चालतो आणि जुळा भाऊ फाटतो.

आणि यात अजून एक गोष्ट लपलेली आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. रेझिस्टर मोठा केला की नुसती जागा कमी होत नाही, सिग्नलही मोठा होतो, कारण तोच करंट मोठ्या रेझिस्टरवर जास्त व्होल्टेज तयार करतो. २.२ चा १० किलोओहम केला तर साडेचार पट, म्हणजे साधारण १३ डीबी जास्त. समजा माइकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आवाजाच्या ठरावीक दाबाला तो देतो तेवढं व्होल्टेज, २.२ किलोओहमवर एका पास्कलला २० मिलिव्होल्ट आहे. एक पास्कल म्हणजे ९४ डीबी. ११४ डीबीला आवाजाचा दाब दसपट, म्हणजे २०० मिलिव्होल्ट, शिखर धरलं तर ०.२८ व्होल्ट, ३.३ व्होल्टच्या जागेत आरामात. तेच १० किलोओहमवर ०.९ व्होल्ट, शिखर १.२९ व्होल्ट. जागा एकच व्होल्ट होती. फाटला. ११४ डीबी म्हणजे फार झालं असं वाटेल पण तोंडाजवळचा किंवा कपाळावरचा माइक आणि जीव खाऊन ओरडणारा माणूस असेल तर शिखरं तिथे सहज जातात. आणि मजा बघा, हे सगळं पॅकच्या गेनच्या बटणाच्या अलीकडे घडतंय. गेन म्हणजे फाटलेल्या कापडाला इस्त्री, भोक तसंच राहतं.

मग उपाय काय. पहिला आणि माझ्या मते सगळ्यात चांगला, माइक तीन तारांचा असेल तर त्याला तीन तारांनीच जोडा. यात ड्रेनला थेट बायसचं व्होल्टेज मिळतं, मध्ये रेझिस्टर नाही, त्यामुळे ड्रेन हलतच नाही, पाचच्या पाच व्होल्टवर उभा. आवाज घ्यायचा सोर्सवरून, आणि सोर्स आणि शील्ड यांच्यामध्ये रेझिस्टर, तो माइकमध्ये असेल, कनेक्टरमध्ये असेल किंवा पॅकमध्ये असेल. याला सोर्स फॉलोअर म्हणतात. इथे काय होतं की गेटवर व्होल्टेज वाढलं की करंट वाढतो, करंट वाढला की सोर्सचं व्होल्टेजही तेवढंच वर येतं, म्हणजे एफईटी जी चूक करायला जातो ती स्वतःच दुरुस्त करत राहतो. आउटपुट गेटच्या मागे मागे चालतं, किंचित कमी, पण जवळपास हुबेहूब. सिग्नल छोटा मिळतो, फाटणं प्रचंड कमी होतं, आणि आउटपुटचा इम्पीडन्सही (विद्युत अडथळाही) कमी होतो म्हणजे वायर बाहेरचा कचरा कमी पकडते.

हे नुसतं पुस्तकी नाही. स्पीकर डिझाइनमध्ये मोठं नाव असलेल्या झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी पॅनासॉनिकच्या छोट्या, स्वस्त कॅप्सूलवर हेच केलं, पाठीमागचा सोर्सला बॉडीशी जोडणारा तांब्याचा पट्टा कापला, सोर्स मोकळा केला आणि त्यावरून आवाज घेतला. तेवढ्यावर ती कॅप्सूल मोठ्या आवाजाच्या मोजमापाला वापरण्यासारखी झाली. हौशी लोक अजूनही याला लिंकविट्झ मॉड म्हणतात. कॅप्सूल तीच, पडदा तोच, फक्त तार कुठून घेतली ते बदललं.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, सिग्नल छोटा येणार म्हणून पॅकचा गेन वाढवावा लागेल, आणि ते बघून बरेच लोक घाबरतात की माइक मेला. मेलेला नाही, आधी तो गरजेपेक्षा जास्त ओरडत होता. दुसरी गोष्ट पोलॅरिटी. ड्रेनवरून आवाज घेतला की लहर उलटी होते, सोर्सवरून घेतला की सरळ राहते. म्हणजे तोच माइक दोन तारांत आणि तीन तारांत जोडला तर दोन्ही एकमेकांच्या उलट. एका माणसाला एकच माइक असेल तर कानाला फरक कळत नाही, पण दोघं जवळ बसलेत, दोघांचे माइक चालू आहेत आणि एक असा एक तसा जोडलाय, तर आवाज पोकळ, पातळ, बेस गेलेला वाटतो आणि कुणाला कळत नाही का. सगळे माइक एकाच पद्धतीनं जोडा, किंवा पॅकच्या मेनूमध्ये फेज उलटायची सोय असेल तर ती वापरा.

तिसरी पद्धत पॅक बनवणाऱ्यांनी काढलेली, सर्वो बायस, लेक्ट्रोसॉनिक्सच्या पॅकमध्ये ती सापडते. तिथे पॅक ड्रेनचं व्होल्टेज धरून ठेवतो, हलू देत नाही, आणि करंट किती हलला ते मोजून त्याचा आवाज बनवतो. ड्रेन हललाच नाही तर तो जमिनीला टेकणार कसा. दोन तारांच्या माइकलाही यात चांगली मोकळीक मिळते आणि मला ही कल्पना फार आवडते, कारण जिथे दुखतंय नेमका तिथेच इलाज केलाय.

आता कनेक्टरकडे येऊ, कारण प्रत्यक्षात सोल्डर तिथेच मारायचाय. शुअरच्या पॅकवर चार पिनांचा छोटा कनेक्टर असतो, टीए४ म्हणतात तो. पिन १ ग्राउंड, पिन २ वर ५ व्होल्ट बायस, पिन ३ आवाज, आणि पिन ४ आतून अ‍ॅक्टिव्ह लोडमधून ग्राउंडला गेलेली. बघा किती विचार केलाय, सोर्स फॉलोअरला लागणारा खालचा लोड, म्हणजे सोर्स आणि शील्डमधल्या त्या रेझिस्टरचं काम करणारा भाग, पॅकमध्येच दिलाय, पिन ३ आणि ४ कनेक्टरमध्ये एकत्र केल्या की माइकच्या सोर्सला तो मिळतो. कुणी ही ४ नंबरची जोडणी विसरला आणि माइकच्या आतही रेझिस्टर नसेल तर एफईटीच्या करंटला खाली जायला नीट वाट राहत नाही आणि आवाज बारीक, किरकिरा, फाटका येतो. लेक्ट्रोसॉनिक्सवर पाच पिनांचा टीए५, पिन १ शील्ड, २ वर ५ व्होल्ट, ३ माइकचा इनपुट, ५ लाइन लेव्हल, आणि पिन ४ ही पिन ३ वर किती व्होल्ट द्यायचे ते निवडायला, मोकळी सोडली तर २ व्होल्ट, पिन २ ला जोडली तर ४, ग्राउंडला जोडली तर शून्य. म्हणजे पाच मिलिमीटरची एक तार जोडायची राहिली तर माइकला चारऐवजी दोन व्होल्ट जातात आणि तुम्ही महिनाभर माइकला शिव्या देता.

ऑडिओ-टेक्निकाच्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये क्रम अजून वेगळा, तिथे २ गिटारसाठी, ३ माइकसाठी आणि ४ वर बायस. सेनहायझरच्या इव्होल्यूशन मालिकेत साडेतीन एमएमची स्क्रूची पिन, टोकाला माइक आणि बायस एकत्र, मधली रिंग लाइन इनपुट, मागे ग्राउंड, आणि माइक जोडताना रिंग मागच्या ग्राउंडला जोडून टाकतात. इथे बायसला वेगळी पिनच नाही म्हणजे खरी तीन तारांची जोडणी शक्य नाही. अशा वेळी तीन तारांच्या माइकला एक मधला मार्ग आहे, सोर्स थेट शील्डला न जोडता मध्ये एक रेझिस्टर टाकायचा, काहीशे ओहम ते एकदोन किलोओहमचा. तो थोडी स्वतःची दुरुस्ती करायची सवय एफईटीला लावतो, करंट कमी करतो म्हणून ड्रेनवर जास्त व्होल्ट उरतात, आणि गेन थोडा उतरतो. पण अती मोठा टाकला तर करंट इतका कमी होतो की लहर दुसऱ्या बाजूनं कापली जाते, त्यामुळे ऐकत ऐकत ठरवा आणि माइकच्या कंपनीनं त्या पॅकसाठी आकडा दिलेला असेल तर निमूटपणे तोच वापरा.

आणि साडेतीन एमएमच्या पिनेवर एक जोरात सांगणं आहे. दिसायला सारख्या म्हणजे आतून सारख्या नसतात. एका कंपनीचा माइक दुसऱ्या कंपनीच्या पॅकमध्ये स्क्रूसकट बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं नाही. मोबाइलचा कॉलर माइक तर वेगळाच, त्याला तीन काळ्या रेघा म्हणजे चार भाग असतात, हल्लीच्या पद्धतीत टोक आणि पहिली रिंग हेडफोनची, दुसरी रिंग ग्राउंड आणि सगळ्यात मागे माइक. ट्रान्समीटर माइक शोधतोय टोकाला आणि तो आहे शेपटीला. बसतो, पण आवाज येत नाही किंवा भलताच येतो. यासाठी अडॅप्टर मिळतो, तो घ्या, नाहीतर पिन कापून तीन भागांची लावा.

तारांच्या रंगांबद्दल मी मुद्दाम काही सांगत नाहीये. एका कंपनीचा लाल म्हणजे बायस तर दुसरीकडे लाल म्हणजे आवाज, आणि एकाच कंपनीनं मधेच बदललेलं असतं. प्रत्येक माइकचा कंपनीचा डायग्राम काढा, समोर छापून ठेवा आणि मगच कातरी हातात घ्या.

आता पॅडबद्दल, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणाऱ्या जोडणीबद्दल, कारण इथे शिकलेले लोकही चुकतात. आवाज जास्त येतोय म्हणजे मध्ये एक रेझिस्टर टाकू, असं म्हणून दोन तारांच्या माइकच्या तारेत सिरीजमध्ये रेझिस्टर टाकतात. याचा उलट परिणाम होतो. ड्रेन हा करंट ठरवणारा पाय आहे, मध्ये रेझिस्टर आला तरी तो तेवढाच करंट ओढतो, म्हणजे पॅकमधल्या रेझिस्टरवर सिग्नल तेवढाच राहतो, एक डीबीसुद्धा धड कमी होत नाही, पण नवीन रेझिस्टरनं ड्रेनचे व्होल्ट खाल्ले म्हणजे फाटणं वाढलं. दुसरा प्रकार, तार आणि शील्डच्या मध्ये आडवा रेझिस्टर. सिग्नल कमी होतो खरा, पण बायसही त्यातून वाहून जातो. ५ व्होल्ट, १० किलोओहम आणि आडवा १० किलोओहम म्हणजे माइकच्या दृष्टीनं अडीच व्होल्ट आणि ५ किलोओहमचा सप्लाय झाला, ०.३ मिलिअँप घेणाऱ्या माइकच्या ड्रेनवर दोनऐवजी एकच व्होल्ट उरला.

बरोबर पद्धत अशी की आडव्या रेझिस्टरसोबत सिरीजमध्ये एक कपॅसिटर टाकायचा, १० मायक्रोफॅरॅडच्या आसपास. कपॅसिटर डीसी अडवतो, म्हणून बायसला हात लागत नाही, आणि आवाजाला वाट देतो. १० किलोओहमच्या लोडला असा १ किलोओहम आडवा गेला की सिग्नल २० डीबीनं उतरतो, आणि गंमत म्हणजे ड्रेनवरची लहरही तितकीच लहान होते, त्यामुळे ती खाली टेकणं थांबतं. तीन तारांच्या जोडणीत पॅड सोपं आहे, बायसची तार वेगळी असल्यामुळे तिला न छेडता आवाजाच्या तारेवर नेहमीचं दोन रेझिस्टरचं डिव्हायडर चालतं, फक्त सोर्सच्या लोडचा हिशोब बिघडू देऊ नका.

पण खरं सांगू, सतत ओरडणाऱ्या किंवा गाणाऱ्या माणसासाठी माइक घ्यायचाच असेल तर कमी सेन्सिटिव्हिटीचा घ्या. बऱ्याच चांगल्या माइकांची अशी आवृत्ती मिळते, २० मिलिव्होल्टऐवजी ६ मिलिव्होल्टवाली म्हणजे साधारण १० डीबी मोकळीक फुकटात. माइकवर रंगीत पट्टी किंवा ठिपका असतो तो बऱ्याचदा यासाठीच. मात्र तोच माइक हळू बोलणाऱ्याला लावला तर हिस वर येईल, त्यामुळे एकच माइक सगळ्यांना असं होत नाही.

यानंतर एक वेगळंच फाटणं, जे आवाजाच्या जोरानं होत नाही. शांत असतानाही गुणगुण, करकर, आणि वायरीला किंवा अँटेनाला हात लावला की बदलते. हा रेडिओचा प्रताप. माइकची वायर त्याच ट्रान्समीटरच्या अँटेनापासून इंचभर अंतरावर बाहेर पडते, आणि खरं तर तिचं शील्ड अँटेनाचाच दुसरा अर्धा भाग म्हणून काम करत असतं. ती ताकद वायरीतून वर माइकमध्ये जाते, एफईटीचा गेट ती डायोडसारखी पकडतो आणि त्याचं आवाजात रूपांतर करतो, शिवाय एफईटीचा बायस हलतो तो वेगळाच. डिजिटल आणि मोबाइलसारखे तुकड्या तुकड्यांनी पाठवणारे ट्रान्समीटर जास्त त्रास देतात, जीएसएम फोनचा तो ओळखीचा टर्रर्र आवाज २१७ हर्ट्झचा असतो कारण फोन सेकंदाला तितक्या वेळा बोलतो.

याचा इलाज कनेक्टरच्या आतच करायचा. आवाजाची पिन ते शील्ड आणि बायसची पिन ते शील्ड असे छोटे सिरॅमिक कपॅसिटर, १०० ते ३३० पिकोफॅरॅड. ३३० पिकोफॅरॅड १ किलोहर्ट्झला जवळपास ४८० किलोओहम असतो, म्हणजे आवाजाला तो दिसतच नाही, आणि ६०० मेगाहर्ट्झला एक ओहमपेक्षाही कमी, म्हणजे रेडिओसाठी सरळ शॉर्ट. पण पाय अगदी आखूड ठेवा, पाच-सहा मिलिमीटरचा पायसुद्धा या फ्रीक्वेन्सीला कॉइल बनतो आणि सगळी मेहनत वाया. शक्य असेल तर पृष्ठभागावर बसणारे बारीक कपॅसिटर थेट पिनेवर बसवा. शील्ड कनेक्टरच्या धातूच्या कवचालाही जोडा. आणि माणसाला पॅक लावताना जास्तीची वायर गुंडाळून अँटेनाभोवती कोंबू नका, हा प्रकार रोज बघतो आणि रोज जीव तुटतो.

सोल्डरिंगचं थोडं. या वायरी एक-दीड मिलिमीटर जाडीच्या, आत केसासारखे धागे आणि मध्ये ताकदीसाठी केव्हलार. काही धाग्यांवर लाखेचा थर असतो, तो न जळता वरवर सोल्डर बसला तर दिसायला सुंदर आणि आतून जोडणी नाहीच. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशाच्या आसपास, टोकावर ताजं सोल्डर, त्यात धागा एक-दोन सेकंद बुडवून थर जाळा, मग पिनेला. जास्त वेळ धरलात तर इन्सुलेशन मागे पळतं आणि आत शॉर्ट होतो. केव्हलारवर सोल्डर बसत नाही, ती तीक्ष्ण कातरीनं कापा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ती कनेक्टरच्या पकडीत घट्ट अडकवा म्हणजे ओढ तिच्यावर येईल, सोल्डरवर नाही. आतल्या प्रत्येक तारेला थोडी ढील द्या. आणि घाम, कॉलर माइकचा सगळ्यात मोठा शत्रू. कनेक्टरमध्ये ओल गेली की पिनांमध्ये गळती होते, बायस ढासळतो आणि मग तीच करकर, म्हणून मागून उष्णतेनं आवळणारी नळी चढवा, आत गोंद असलेली मिळाली तर उत्तम.

झाकण लावायच्या आधी मल्टिमीटरनं एकदा मोजा, हे मी कधीच टाळत नाही. पॅक चालू, माइक जोडलेला, मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार शील्डला. दोन तारांच्या जोडणीत लाल आवाजाच्या पिनेवर. ५ व्होल्टचा बायस असेल तर २ च्या बऱ्यापैकी वर आणि ५ च्या खाली कुठेतरी वाचलं की मी खूश. पूर्ण ५ दिसले तर करंट जातच नाहीये, तार तुटली किंवा चुकीची जोडली. शून्य दिसलं तर शॉर्ट. एक व्होल्टच्या खाली असेल तर माइक बोलेल, आपल्याला वाटेल सगळं ठीक, आणि पहिल्या ओरडण्याला फाटेल. तीन तारांत बायसच्या पिनेवर जवळपास पूर्ण ५ हवेत आणि आवाजाच्या पिनेवर थोडं तरी डीसी दिसायला हवं, म्हणजे सोर्समधून करंट वाहतोय.

त्या तालमीतला माइक मी असाच उघडला होता. आवाजाच्या पिनेवर मीटरनं दाखवले ०.७ व्होल्ट. माइक तीन तारांचा होता, पॅकवर बायसची वेगळी पिन होती, आणि कनेक्टर भरणाऱ्यानं सोर्स शील्डला जोडून माइक दोन तारांचा करून टाकला होता. सोर्स सोडवला, आवाजाच्या पिनेवर घेतला, ड्रेन बायसवर नेला, खाली लोड दिला. गेन चांगलाच वाढवायला लागला. मग ती रंगमंचाच्या त्याच जागी उभी राहून तेच वाक्य ओरडली, आणि हेडफोनमध्ये तिचा श्वास, ओरडणं आणि त्यानंतर भिंतीवरून परत आलेला तिचाच आवाज, तिन्ही वेगवेगळे ऐकू आले.